कृष्णाकाठच्या मंडळाचा टी-शर्ट

"मग यात कमी काय आहे, चाचा? तेवढं सांगा."

यासीनचाचा जुन्या फियाटचं बॉनेट पुसत होते. गाडी पुसताना फारसं बोलायचं नाही, ही त्यांची जुनी खोड.

सन्मतीने टी-शर्ट पुन्हा त्यांच्यापुढे धरला. गुळगुळीत, चकचकीत काळं कापड. छातीवर सुसाट निघालेली फियाट आणि खाली रुपेरी अक्षरांत 'कृष्णाकाठ मोटार मंडळ'.

पुण्यात जाहिरातीच्या धंद्यात सन्मतीने नाव काढलं होतं, आणि ते तो लपवतही नव्हता. पण ब्रश धरायला तो शिकला इथेच, मिरजेत, पाट्या रंगवणाऱ्या चाचांच्या या पत्र्याच्या शेडमध्ये.

मंडळ त्याच्या आप्पांनी काढलेलं. जुन्या गाड्या जिवापाड जपणारे बावीस म्हातारे. आप्पा दिवाळीत गेले. येत्या रविवारी मंडळाची त्यांच्यावाचूनची पहिली सहल होती, आणि त्या दिवशी सगळ्यांच्या अंगात आपण केलेला टी-शर्ट असावा, एवढं एकच सन्मतीने मनात धरलं होतं. आप्पांसाठी करण्यासारखं दुसरं काही आता उरलं नव्हतं.

"काल मंडळींना दाखवला," तो म्हणाला. "एकानेही धड बघितला नाही."

"मग काय केलं?"

"कापड चिमटीत धरून चोळलं. सगळ्यांनी! कोरेकाकांनी तर त्याने चष्मा पुसून बघितला. वर 'छान आहे हं' म्हणून माझ्या हातात परत."

चाचा गालातल्या गालात हसले.

"हसताय काय? महिनाभर राबलोय मी. अठरा नमुने केले. आणि हे लोक कापड चोळत बसतात!"

"पुसला गेला का?"

"काय?"

"कोरेचा चष्मा. नीट पुसला गेला का?"

सन्मतीने आठवून पाहिलं. "नाही... उलट डाग पसरला. मग त्यांनी सदऱ्याच्या टोकाने पुसला."

"हां."

एवढंच म्हणून चाचांनी फडकं झटकलं आणि ते पुढच्या काचेकडे वळले.

गाडी आप्पांची. पुण्यात ठेवायला जागा नाही म्हणून सन्मतीने ती इथे आणून सोडली होती आणि नंतर साधी चौकशीही केली नव्हती. चाचा ती रोज पुसतात, हे त्याला आज कळत होतं. त्याला लाज वाटली.

मग त्याची नजर फडक्यावर गेली. कडा विरलेल्या, ग्रीसचे डाग... आणि मधोमध फिकट निळी अक्षरं.

"चाचा, हा... हा मंडळाचा पहिला टी-शर्ट ना? तुमच्या हातचा?"

"होय की. पंचवीस वर्षं झाली. अक्षरं मी काढली, आणि छापताना निम्मा रंग तू सांडलास."

सन्मतीला सगळं आठवलं. शेडभर दोऱ्यांवर वाळत घातलेले बावीस शर्ट. आप्पांना कुठला दम निघायला, त्यांनी ओलाच चढवला. पोटावर निळी अक्षरं उलटी उमटली, आणि आई आठवडाभर चिडवत होती. केवढे हसायचे तेव्हा सगळे.

"आणि त्याचं तुम्ही फडकं केलंत?" त्याचा आवाज चढला.

"मी? तुझ्या आप्पानं केलं. दोन वर्षं अंगात घालून मऊ केला, मग आपल्या हातानं फाडला. त्याचं बघून सगळ्यांनी तेच केलं. आपल्या गाडीला परकं कापड लावायचं नाही, असा नेमच पडला मंडळाचा. जा, कुणाचीही डिकी उघडून बघ."

आता सन्मतीला उलगडा झाला. कालची ती सगळी माणसं, ती चिमटीतली चोळाचोळ...

"मग बोलले का नाहीत कुणी?"

"आप्पाचा पोरगा तू. तुला कोण तोंडावर सांगणार, की तुझं कापड पाणी पीत नाही म्हणून?"

"...म्हणजे सुती घेऊ?"

"सुती घे."

"आणि चित्र?"

"काढ की तुला आवडेल ते. छपाई तेवढी जाड नको. काचेला ओरखडे पडतात."

अठरा नमुन्यांचा निकाल असा लागला. एरवी सन्मती तासभर भांडला असता. आज त्याने नुसती मान हलवली.

त्याने चाचांच्या हातून फडकं घेतलं आणि नाकाशी नेलं. पेट्रोल. पॉलिश. आणि कुठेतरी आप्पा. त्याचे डोळे भरून आले.

"चाचा, हे मला द्या. फ्रेम करून भिंतीवर लावतो, पुण्याच्या घरी."

चाचांनी हात पुढे केला.

मग त्यांनी फडकं काढून घेतलं, घडी उलटून स्वच्छ बाजू वर केली, आणि ते पुन्हा त्याच्याच हातात ठेवलं.

"मागची काच राहिलीय."