बर्णबाचा रविवार

मंडळी, जरा जवळ सरका. ही गोष्ट त्या काळातली, जेव्हा तांबडमाळावर पाखरूसुद्धा पाण्याच्या आशेने उतरत नसे.

तांबडमाळ म्हणजे नगरकडचा उघडाबोडका माळ. वर मुरूम, मुरमाखाली काळा पाषाण. गावाला विहीर होती, पण ती गावाची. माळाच्या कडेला जी ख्रिस्ती वस्ती होती, तिची नव्हे. वस्तीतली माणसं येशूची झाली होती, पण गावाच्या लेखी त्यांची जात तीच राहिली होती. वस्तीच्या बायका घागरी घेऊन विहिरीपासून लांब उभ्या राहायच्या. कुणाला दया आली तर वरून ओतलेलं पाणी घ्यायच्या, नाही आली तर रिकाम्या घागरी डोक्यावर ठेवून परत फिरायच्या.

त्या वस्तीत बर्णबा राहत होता. विहिरी खोदणं हा त्याचा धंदा. असं म्हणतात, त्याने जमिनीला कान लावला की खालचं पाणी त्याच्याशी बोलायचं. त्याचा घण उचलायला दुसरी दोन माणसं लागायची. आणि आवाज! रविवारी उपासनेत त्याने भजन धरलं, की माळावर चरणारी गुरं मान वर करून ऐकत राहायची. त्याचं आवडतं भजन होतं, "हात तुझा मोठा देवा, हात माझा छोटा". भजन संपलं की तो छातीवर हात मारून म्हणायचा, "प्रभूसाठी आन् भावासाठी जीव टाकायला सांगा, ह्यो बर्णबा मागं सरायचा न्हाई!"

त्याला मागेपुढे कुणी नव्हतं. होता तो एक केरू. केरू त्याचा जिवलग. अंगाने बारका, बोलायला कमी, हसायला पुढे. विहीर खोदायची तर केरू दोराने खाली उतरायचा आणि बर्णबा वर दोर धरायचा. बर्णबाने दोर धरला की केरू खाली बिनघोर शीळ घालत पहार मारायचा.

एका उन्हाळ्यात वस्तीने ठरवलं, आपली विहीर आपण खोदायची. सगळी वस्ती राबायला लागली. बायका पाट्या वाहायच्या, म्हातारी माणसं दगड रचायची. विहीर खोल खोल गेली. ओल दिसेना, पण कुणी धीर सोडला नाही, कारण वर बर्णबा होता आणि खाली केरू होता.

एके दिवशी उन्हं कलल्यावर केरूने खालून हाक दिली, "ओढ रं!"

बर्णबा दोर ओढू लागला. केरू अर्ध्यावर आला असेल-नसेल, तोच बर्णबाच्या पायाखालचा मुरूम सरकला. काठाला चीर पडली. अंग मागे टाकून त्याने दोर आवळून धरला असता, तर केरू वर आला असता. पण त्या क्षणी बर्णबाला देव आठवला नाही, भजन आठवलं नाही, केरूही आठवला नाही. फक्त आपला जीव आठवला. त्याचे हात उघडले आणि तो मागे उडी मारून मोकळा झाला.

खाली धप्पकन आवाज झाला. त्यावर काठाचा मुरूम कोसळला.

वस्ती धावत आली. माणसं खाली उतरली, त्यांनी हातांनी माती उपसली आणि केरूला बाहेर काढलं. जीव होता, पण उजवा पाय गुडघ्यापासून पार चिरडला होता. केरूची बायको सारजा त्याचं डोकं मांडीवर घेऊन ओरडली, "काय झालं? बर्णबादादा, काय झालं वो?"

बर्णबाच्या तोंडून निघून गेलं, "दोर तुटला."

केरूच्या अंगावरचा फास कापूनच त्याला काढलं होतं, बाकीचा दोर मातीखाली गाडला गेला होता. बघायला कोण जाणार? आणि बर्णबाच्या शब्दावर अविश्वास तरी कोण दाखवणार?

पुढच्या रविवारी वस्तीच्या देवळातले, म्हणजे चर्चचे, पाळकसाहेब उपासनेत म्हणाले, "केरू वाचला, देवाचे उपकार आहेत. बर्णबा, तू भजन म्हण." बर्णबा उभा राहिला. त्याने तोंड उघडलं. आवाज आला नाही. सगळी मंडळी वाट बघत बसली. कुणीतरी म्हणालं, दुःखाने कंठ दाटलाय बिचाऱ्याचा. ते "बिचारा" ऐकलं आणि बर्णबा देवळाबाहेर पडला. तो घरी गेला नाही. तसाच माळ ओलांडून चालत गेला.

लांब घाटात रस्त्याचं काम चाललं होतं. तिथे तो खडी फोडू लागला. कुणाला नाव सांगितलं नाही. असं म्हणतात, त्याने फोडलेल्या खडीची टेकडी झाली आणि ती अजून घाटात आहे. मी काही पाहिलेली नाही. पण एवढं खरं, की त्याने प्रार्थना सोडली. एकदा गुडघे टेकून बघितले, तर "देवबापा" हा शब्दही पुरा होईना. त्याला वाटलं, ज्याने भावाचा हात सोडला, त्याचा हात देव कशाला धरेल? मग तो पुन्हा घण उचलायचा.

बरीच वर्षं गेली. माळावर दुष्काळ आला. गावाची विहीरही आटली आणि गाव नि वस्ती दोघांच्या घागरी कोरड्या पडल्या. तेव्हा केरूने कुबडी काखेत घेतली.

"कुठं निघालात?" सारजाने विचारलं.

"बर्णबाला आणतो."

असं म्हणतात, केरू निघाला तेव्हा वाटेतले काटे त्याच्या कुबडीसमोरून बाजूला सरकत गेले. मला विचाराल तर काटे टोचतच होते. केरूने सांगितलं नाही, एवढंच.

विचारत विचारत तो घाटात पोचला. बर्णबा पाठमोरा बसून दगड फोडत होता. केरू त्याच्या शेजारी जाऊन बसला आणि म्हणाला, "सलाम, गड्या."

बर्णबाच्या हातातला घण खाली पडला. त्याने केरूच्या तोंडाकडे बघितलं नाही. पायाकडे बघितलं आणि मान खाली घातली.

"केरू, तुला ठावं न्हाई. त्यो दोर..."

"दोर आख्खा व्हता," केरू म्हणाला. "माझ्या अंगावर पडला तवा आख्खाच पडला. शेवटचं टोक माझ्या तोंडावर आपटलं. मला पहिल्यापासनं ठावं हाय."

बर्णबाने पडलेला घण बाजूला सारला. मग म्हणाला, "मग बोलला का न्हाईस?"

"तू बोलशील म्हणून वाट बघत व्हतो. देवबी तेच करत आसंल."

"देवानं मला टाकलंय, केरू."

केरू हसला. "टाकलं आसतं तर मला एका पायावर एवढ्या लांब कशाला धाडलं आसतं? ऊठ. मला पाठुंगळी घे. येताना लई दमलोय."

बर्णबा त्या वेळी रडला. घाटातली माणसं काम थांबवून बघत राहिली, की हा दगडासारखा माणूस असा का रडतो आहे. मग त्याने केरूला पाठीवर घेतलं आणि माळाकडे निघाला.

ते पोचले तो प्रभुभोजनाचा रविवार होता, म्हणजे येशूच्या आठवणीत सगळ्यांनी एक भाकर वाटून खायचा दिवस. बर्णबा देवळात आला आणि दाराशीच उभा राहून सगळ्यांसमोर म्हणाला, "दोर तुटला नव्हता. म्या सोडला. भ्यालो आन् सोडला. वर खोटं बोललो."

मग सारजा उठली. इतकी वर्षं तिने दुसऱ्यांच्या रानात मोलमजुरी करून घर चालवलं होतं. ती म्हणाली, "मी रोज तुमच्यासाठी प्रार्थना केली, दादा. बिचारा कुठं आसंल, काय खात आसंल म्हणून. आन् तुम्ही..." ती तोंड फिरवून बसली.

पाळकसाहेबांनी भाकर मोडली. ती एकेकाच्या हातात देत ते दाराशी आले, तेव्हा बर्णबा मागे सरला. म्हणाला, "मला नको. मी लायक न्हाई." पाळकसाहेब म्हणाले, "लायक कोण आहे रे इथे?" तरीही त्याचा हात पुढे होईना. तेव्हा केरू कुबडी टेकत आला. त्याने आपल्या हातातला तुकडा मोडून अर्धा बर्णबाच्या हातावर ठेवला आणि त्याची मूठ मिटली. म्हणाला, "खा. माझ्या वाटणीचा हाय, कोण न्हाई म्हणतंय?"

बर्णबाने तो तुकडा खाल्ला. असं म्हणतात, त्या घासाबरोबर वर्षानुवर्षं छातीवर असलेला धोंडा विरघळून गेला, आणि "देवबापा" हा शब्द त्याच्या तोंडून सबंध निघाला.

दुसऱ्या दिवशी सगळे केरू पडल्यापासून अर्धवट राहिलेल्या विहिरीपाशी जमले. बर्णबा दोराचा फास आपल्या कमरेला बांधू लागला. केरूने तो काढून घेतला.

"खाली मी जाणार. दोर तू धर."

वस्ती ओरडली. सारजा तर धावतच पुढे आली. "डोकं फिरलंय का तुमचं? एक पाय गेला, आता जीव घालवायचाय? त्यांच्याच हातात देणार?"

"त्याच्याच हातात," केरू म्हणाला. "पहार मारायला हात लागतात सारजे, पाय न्हाई. आन् दुसऱ्या कुणी दोर धरला, तर मला शीळ घालता यायची न्हाई."

सारजाने बर्णबाकडे बघितलं. बर्णबाने छातीवर हात मारला नाही. तो एवढंच म्हणाला, "वयनी, माझी ताकद मला ठावी हाय. ती पुरायची न्हाई. देवानं मला धरलं, तरच मी ह्याला धरीन."

सारजाने दोर ओढून बघितला. मग तिने फास हातात घेतला, नवऱ्याच्या अंगाभोवती आवळला आणि स्वतः गाठ मारली.

त्या दिवसापासून विहिरीतून पुन्हा शीळ ऐकू येऊ लागली. गावातली माणसं लांबून बघायची आणि हसायची, की लंगडा खोदतोय नि पळपुटा धरतोय. पण एका सकाळी खालून शीळ थांबली. पहार खडकात घुसली आणि निघेना. केरूने ती हलवून उपटली, तसा जमिनीच्या पोटात शंभर गाड्या धावाव्यात असा गडगडाट झाला. भोकातून हत्तीच्या सोंडेएवढी पाण्याची धार उसळली. विहिरीची कड ढासळू लागली.

"ओढ रं!" केरू ओरडला.

आणि बर्णबाच्या पायाखाली काठाला चीर पडली. तस्साच मुरूम सरकला. माणसं किंचाळत मागे पळाली. बर्णबा हलला नाही. दोराने त्याच्या तळहातांची साल काढली, रक्त दोरावरून खाली ओघळलं, पण मूठ सुटली नाही. आणि त्याच्या तोंडून, इतक्या वर्षांनी, आवाज फुटला:

"हात तुझा मोठा देवा, हात माझा छोटा! तूच मला धरून ठेव!"

असं म्हणतात, तो आवाज ऐकून ती चीर त्याच्या अंगठ्यापाशी आली आणि थांबली. असंही म्हणतात, की पायाखालचा मुरूम तिथल्या तिथे पाषाण झाला. पाणी चढत चढत वर आलं आणि पाण्यानेच केरूला उचलून काठाला आणलं. तो पाण्यावर पाटावर बसावं तसा बसला होता म्हणे, आणि हसत होता.

लोकांनी केरूला उचलून घेतलं. तरी बर्णबा दोर धरूनच उभा होता. त्याची बोटं आखडून गेली होती, ती उघडेनात. तेव्हा सारजा आली. तिने ओंजळीने नवं पाणी आणून त्याच्या हातांवर ओतलं आणि एकेक बोट हळूहळू उलगडलं. म्हणाली, "सोडा आता, दादा. ते वर आले."

त्या विहिरीचं पाणी खालच्या ओढ्यापर्यंत वाहत गेलं. आवाज ऐकून गाव आलं. आधी हसणारे आता रिकाम्या घागरी घेऊन लांब उभे राहिले. पुढे यायला कुणाला तोंड नव्हतं. वस्तीतले काहीजण म्हणाले, "आता आपणबी वरून वतू." बर्णबाने नाही म्हणून मान हलवली. रक्ताळलेल्या हातांनी त्याने गावाला बोलावलं आणि म्हणाला, "लांब उभं राहू नका. लांब उभं राहणं काय आसतं ते मला इचारा. या, आपल्या हातानं भरून घ्या." आणि गाव आलं. त्या दिवसापासून तांबडमाळावर दोन पाणवठे राहिले नाहीत.

बर्णबा म्हातारा होऊन गेला, त्याच्या मागोमाग केरू गेला, मग सारजा. विहीर मात्र आजवर आटलेली नाही. पाणी लागलं तो पुनरुत्थानाच्या सणानंतरचा, म्हणजे ईस्टरनंतरचा आठवडा होता, म्हणून त्या सणानंतरच्या रविवारला तिथे "बर्णबाचा रविवार" म्हणतात. त्या दिवशी लोक आधी देवळात जात नाहीत. ढोलकी नि टाळ घेऊन, विहिरीचं पाणी भरून, ते अशा माणसाच्या दारी जातात, ज्याने चूक करून तोंड लपवलेलं असतं. आणि घागर कुणाच्या डोक्यावर असते? ज्याचं वाईट केलं, त्याच्या.

दोन वर्षांमागे मी स्वतः तिथे होतो. दौलत नावाच्या माणसाने दारूच्या नशेत सख्ख्या भावाची कडब्याची गंजी पेटवली होती आणि पुढे वर्षभर तो वीटभट्टीवरच्या खोपटात लपून राहत होता. मिरवणूक तिथे गेली. त्याने आतून कडी लावून घेतली. त्याचा भाऊ घागर घेऊन दारात उभा राहिला.

आतून आवाज आला, "जा रं. मला तोंड न्हाई दाखवायला."

भाऊ म्हणाला, "तोंड नको दाखवू. ओंजळ काढ भाईर."

किती वेळ ढोलकी वाजत राहिली. मग दार बोटभर उघडलं, आणि फटीतून दोन हात बाहेर आले. भाऊ ओतायला लागला. ओंजळ भरली तरी तो थांबेना. पाणी मनगटावरून, उंबऱ्यावरून, आमच्या पायांवरून वाहू लागलं, आणि दार सताड उघडलं. दौलत तसाच ओल्या हातांनी भावाच्या गळ्यात पडला. मग जी ढोलकी कडाडली म्हणता, आणि जे भजन उठलं! त्याला मधोमध घेऊन आम्ही सगळे गात, नाचत, चिखल तुडवत देवळाकडे निघालो.