कवडीची अकरा अंडी

फार पूर्वी शालवती नगरात भानुसेन राजा राज्य करत होता, तेव्हा बोधिसत्त्व एका कोंबड्या पाळणाऱ्याच्या घरी जन्माला आला होता. त्याचं नाव गोमिल. राजाच्या कोंबड्या सांभाळायचं काम त्याच्या घराण्याकडे होतं. वेशीला लागून त्याचं घर, घरामागं मोठं परसू आणि परसात शंभरावर कोंबड्या. गोमिल अबोल माणूस. त्याची बायको उत्पला मात्र मनात आलं ते बोलून मोकळी होणारी. तेव्हा त्या घरात कुणाचं चालायचं, हे वेगळं सांगायला नको.

भानुसेनाला मल्लांचं भारी वेड. शेजारच्या राजाचे मल्ल येऊन त्याच्या मल्लांना चीत करून गेले, तेव्हापासून तर त्याला दुसरं काही सुचेना. त्यानं चाळीस मल्ल पोसायला घेतले आणि त्यांना रोज पोटभर अंडी द्या, असा हुकूम सोडला. हुकूम पाळायचा होता पाकशाळेच्या अधिकाऱ्याला, पिंगळाला. पिंगळानं पाहिलं, की खुडूक झालेली कोंबडी अंडी द्यायची थांबते, एकवीस दिवस अंडी उबवत बसते आणि वर पुन्हा महिना-दोन महिने पिल्लांमागं हिंडते. म्हणजे कामचुकारच की! त्यानं दवंडी पिटवली : नगरात एकही कोंबडी खुडूक बसता कामा नये. बसलीच तर गार पाण्यात बुडवा, नाकपुड्यांतून पीस ओवा, पाय बांधा, काय वाटेल ते करा, पण उठवा.

उत्पलानं ते सगळं केलं. राजाचं मीठ खायचं आणि राजाचा हुकूम मोडायचा, हे तिला पटत नव्हतं. कोंबडी पाण्यात दाबताना तिची धडधड हाताला लागायची. उत्पला मान फिरवायची, झालं. गोमिल त्या वेळी परसातून निघून जायचा. त्याचा तिला राग येई. पाप माझ्या हातानं आणि हा लांब उभा राहून चांगला!

दोन वर्षं एकही पिल्लू निघालं नाही. कोंबड्या म्हाताऱ्या झाल्या, अंडी कमी झाली. अंडी कमी झाली तसा पिंगळ आणखी कडक झाला. हा माणूस स्वतःच्याच पायावर कुऱ्हाड मारतोय, हे सगळ्या नगराला दिसत होतं. सांगणार कोण? जो तो आपापली मान सांभाळून होता.

त्या परसात एक कोंबडी होती. पांढऱ्या अंगावर काळे ठिपके, म्हणून तिला कवडी म्हणत. ती खुडूक झाली. उत्पलानं तिला सात वेळा पाण्यात बुडवलं आणि सात वेळा कवडी ओलीचिंब, कुडकुडत पुन्हा जागेवर जाऊन बसली. खाली अंडं नव्हतं, काही नव्हतं. आठव्या वेळी उत्पला तिला उचलायला गेली, तर कवडीच्या पोटाखाली एक गोल दगड होता. तिनं तो कुठून तरी चोचीनं लोटत आणला होता आणि त्याला ऊब देत बसली होती.

गोमिल मागं उभा होता. त्यानं तो दगड हातात घेतला. दगड गरम होता.

"उत्पले, आता पुरे," तो म्हणाला. "मला माझीच लाज वाटते."

त्यानं टोपलीत भाताचा कोंडा पसरला, निवडून अकरा अंडी मांडली आणि कवडीला त्यांवर बसवलं. टोपली नेऊन ठेवली कुठं, तर थेट पुढच्या दारात, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशी.

"अहो, डोकंबिकं फिरलंय का तुमचं?" उत्पला ओरडली. "ठेवायचीच तर माळ्यावर तरी ठेवा!"

"का? चोरी केली आहे का आपण?"

उत्पला पाय आपटत आत निघून गेली. पण त्या दिवसापासून कवडीपुढं कणी आणि पाणी तीच ठेवू लागली.

बातमी पिंगळापर्यंत जायला अठरा दिवस लागले. एवढे दिवस कुणी चहाडी केली नाही, हेच नवल. एकोणिसाव्या दिवशी सकाळी तो चार शिपाई घेऊन आला.

"गोमिल, कोंबडी उठव आणि पाण्यात बुडव. माझ्यासमोर."

"पाणी विहिरीत आहे, कोंबडी टोपलीत आहे," गोमिल म्हणाला. "तुम्हाला हात आहेत. माझे हात याला लागणार नाहीत."

पिंगळाचे कान तापले. त्यानं स्वतः कवडीला पंखांना धरून उचललं. तिनं त्याच्या मनगटाचा लचका तोडला. "आता हिला सोडतो की काय!" तो हात झाडत म्हणाला. "परवा राजाच्या ताटात वाढतो!" शिपायांनी कवडीला पोत्यात घातलं. एकोणीस दिवसांची अंडी पाकशाळेला काय कामाची? ती तशीच टोपलीत उघडी पडली.

उत्पलानं एका अंड्याला हात लावला. ते गार व्हायला लागलं होतं. तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. दोन वर्षांत ती रडली नव्हती.

गोमिलनं चुलीवर कोंडा कोमट केला, टोपलीत भरला, अंडी त्यात ठेवली. मग दारात मांडी घालून बसला, टोपली मांडीत पोटाशी घेतली आणि वरून घोंगडी पांघरली.

"हे काय मांडलंय?" उत्पलानं विचारलं.

"मी खुडूक बसलोय."

गाव लोटलं. पोरीबाळी खिदळल्या, म्हातारे डोकं हलवत गेले. पिंगळ पुन्हा आला आणि म्हणाला, "राजानं बोलावलंय. ऊठ."

"परवा येतो."

"राजा बोलावतोय रे, राजा!"

"ऐकलं. परवा एकवीस दिवस भरतात. त्याआधी मी हलायचो नाही. फार तर मलाच पाण्यात बुडवा, पण टोपली खाली ठेवून बुडवा."

दोन दिवस तो तसाच बसला. उत्पला त्याला घास भरवी, कोंडा बदलून देई आणि प्रत्येक घासागणिक शिव्या देई. त्याचे पाय सुजले. "मरा इथंच," ती म्हणे आणि त्याच्या पोटऱ्या चोळत बसे. दारावरून घोडा गेला तरी ती धावत उंबऱ्यात येई. या माणसाचं डोकं धडावर राहतं की नाही, एवढाच प्रश्न तिच्यापुढं होता आणि या हट्टी माणसाला त्याचं काही नव्हतं.

एकविसाव्या दिवशी ऊन वर आलं आणि भानुसेन स्वतः आला. राजा आला म्हणताच गल्लीतला प्रत्येक माणूस उभा राहिला. एकटा गोमिल बसलेला. राजाला असं आजवर कुणी वागवलं नव्हतं. त्यानं तलवार उपसली.

"उभा राहा!"

"मारायचं तर मारा, महाराज," गोमिल म्हणाला. "पण बसल्या जागी मारा. उभा राहिलो तर अंडी फुटतील."

तोच घोंगडीखालून आवाज आला. बारीक, चिडका, चिवचिव असा. मग दुसरा. राजानं तलवारीच्या टोकानं घोंगडी बाजूला केली. एका अंड्याला भोक पडलं होतं आणि आतली चोच आणखी टकटक करत होती. राजा नकळत खाली वाकला.

"हे आत असताना बोलतात?"

"आईला हाका मारतात, महाराज. आई वरून उत्तर देते. आज उत्तर द्यायला कुणी नाही."

"पण तू तर आहेस ना?"

"मी ऊब दिली. किडा कुठं शोधायचा, घारीची सावली पडली की कुठं पळायचं, हे मला शिकवता यायचं नाही. तुमच्या शंभर कोंबड्या म्हाताऱ्या झाल्या आहेत. पुढच्या वर्षी तुमच्या मल्लांना अंडं दिसायचं नाही."

"मग माझ्या मल्लांनी काय खायचं?"

"हरभरे खावेत. घोडे खातातच की."

मागं कुणीतरी फिसकन हसलं. राजाचा चेहरा लाल झाला आणि तलवार पुन्हा उचलली गेली. तेवढ्यात उत्पला पुढं झाली.

"महाराज, आमची कवडी द्या."

"आणि नाही दिली तर?"

उत्पला नवऱ्याशेजारी धुळीत मांडी घालून बसली. राजासमोर, पदर सावरून, ठाण मांडून.

"तर दोन माना कापाव्या लागतील. आम्ही उठणार नाही."

राजानं तिच्याकडं पाहिलं, टोपलीकडं पाहिलं आणि पिंगळाकडं वळून म्हणाला, "कोंबडी आण. जिवंत असू दे, नाहीतर तुझी खैर नाही."

कवडी पाकशाळेतल्या डालग्याखाली होती. सुरी लागायचीच बाकी होती. तिच्या नाकपुड्यांतून पीस ओवलेलं होतं. ते पाहून राजा चपापला. हुकूम त्याचा होता, पण हुकूम दिसतो कसा, हे त्यानं कधी पाहिलं नव्हतं. त्यानं स्वतःच्या हातानं ते पीस ओढून काढलं. कवडीनं त्याच हाताचं बोट फोडलं. रक्ताचा थेंब टपकला. शिपाई धावले.

"मागं व्हा," राजा म्हणाला. "तिला जाऊ द्या."

कवडीनं राजाकडं ढुंकूनही पाहिलं नाही. चिवचिव ऐकून ती गोमिलाच्या मांडीवर चढली, टोपलीत शिरली, पंख फुगवले आणि घशातून हळू आवाज केला. अंड्यांतून उत्तर आलं. त्या संध्याकाळी राजानं रक्ताळलेलं बोट फडक्यात गुंडाळून दवंडी दिली : यापुढं जी बसेल तिला कुणी उठवायचं नाही. ती दवंडी ऐकून उत्पलानं नवऱ्याला पहिल्यांदा उभं केलं, आणि त्याला दोन पावलंही टाकता येईनात तेव्हा पुन्हा शिव्या दिल्या.

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे बुद्धांनी, विहारात सांगितली, ती भिक्षुणी खेमिकेमुळं. साथीच्या आजारात ती तीन परक्या रोग्यांच्या उशाशी बसून राहिली होती, आणि ज्येष्ठांनी ऊठ म्हटलं तरी उठली नव्हती. तिच्यावर आज्ञाभंगाचा ठपका आला, तेव्हा शास्ते म्हणाले, "भिक्षूंनो, ही आजच अशी वागते आहे असं नाही. तेव्हाची कवडी म्हणजे खेमिका. पिंगळ म्हणजे तिच्यावर ठपका ठेवणारा भिक्षू तिस्सक. राजा म्हणजे आपल्याला धान्य देणारा श्रेष्ठी पुंडर. उत्पला म्हणजे खेमिकेची सखी धम्मिला, जी आज तिच्या बाजूनं बोलायला एकटी उभी राहिली. आणि गोमिल मी होतो. दुसऱ्याच्या जिवासाठी धरलेली जागा कुणाच्याही भयानं न सोडणं, याला अधिष्ठान पारमिता म्हणतात. मी ती एका कोंबडीकडून शिकलो."