तुळया खाली ठेवा!

पेशावरजवळच्या अफगाण निर्वासितांच्या वस्तीत हुकूम आला, आजच देश सोडा. गुलमकई म्हातारीच्या मुलांनी घराचं छप्पर उतरवून तुळया ट्रकमध्ये चढवायला घेतल्या. तेवढ्यावरच सीमेपलीकडे, अफगाणिस्तानात नवं घर उभं राहणार होतं.

ठाणेदार गरजला, "तुळया खाली ठेवा! हे लाकूड इथल्या झाडांचं. जे ह्या मातीत जन्मलं, ते ह्याच मातीचं. ते इथून हलणार नाही!"

"अख्ख्या वस्तीसमोर बोललात, साहेब. आता शब्द फिरवू नका," म्हातारी म्हणाली. तिने तुळया खाली ठेवायला लावल्या आणि मुलं, सुना, नातवंडं, सगळ्यांना त्यांवर बसवलं.

"हे सगळे ह्याच मातीत जन्मले. सीमेपलीकडून आलेली मी एकटीच. चला, मला न्या."

ठाणेदार गोरामोरा झाला. "घेऊन जा बाई तुझ्या तुळया!"

"आता कशाला?" म्हातारी म्हणाली. "छप्पर परत चढवायचंय."