देवीच्या वस्त्रातल्या साठ गाठी

फार पूर्वीची ही गोष्ट माझ्याइतकी अचूक कुणालाच येत नाही. आता शहरं सहा होती की सात, एवढंच जरा विसरायला झालंय. सात धरून चालू.

ग्रीक लोकांच्या मुलखातली ही सात शहरं एकमेकांना पाण्यात पाहायची. पण डोंगरावरची देवी सगळ्यांची एकच. दर चार वर्षांनी प्रत्येक शहरातून एक बाई आपल्या गावची लोकर घेऊन देवळात यायची आणि सातजणी मिळून एकाच मागावर देवीचं वस्त्र विणायच्या. शपथ अशी, की ज्याचा धागा वस्त्रात, त्याच्यावर बाकीच्यांनी तलवार उचलायची नाही. आणि उत्सवाच्या दिवशी सूर्य मावळायच्या आत वस्त्र देवीच्या अंगावर चढलं नाही, तर शपथ सुटली. मग कुणी कुणाचं नाही.

सर्वांत मोठ्या शहराचा प्रमुख फार हुशार होता. तो स्वतःच तसं सांगायचा, म्हणून कुणी पडताळून पाहिलं नव्हतं. त्याला मेंढपाळांच्या छोट्या शहराचं बंदर हवं होतं. ते देईनात. त्याची जहाजं बंदराबाहेर टपून उभी होती. अडचण एकच, त्या शहराचा धागा.

उत्सवाच्या दिवशी भर दुपारी तो आपला जांभळा झगा सावरत, वीस शिपाई घेऊन देवळात शिरला. वस्त्र पुरं व्हायला वीतभर उरलं होतं. उंच मागावरून प्रत्येक शहराचे उभे धागे लोंबत होते, खाली त्यांना ताण द्यायला मातीचे गोळे बांधले होते. आडवा धागा मात्र एकच, या काठापासून त्या काठापर्यंत.

"तो मधला मेंढरांच्या रंगाचा पट्टा काढून टाका," प्रमुख म्हणाला.

मेंढपाळांच्या शहरातून आलेल्या बाईचा चेहरा पांढराफटक पडला. तिची दोन लेकरं घरी होती, आणि घर बंदराला लागून.

सातजणींत वडील असलेली म्हातारी म्हणाली, "माझा हात थरथरतो बाबा. ही घ्या सुरी, तुम्हीच काढा."

"सहा उरतील आजी. देवीला सहा पुरेत!"

आणि त्यानं सपासप साठ धागे कापले.

गोळे धडाधड फरशीवर आदळले. आडवा धागा ढिला पडला, दोन्ही बाजूंची वीण सरकली आणि अख्खं वस्त्र फाटक्या शिडासारखं मधोमध लोंबू लागलं. प्रमुखाच्या स्वतःच्या शहराचा जांभळा पट्टासुद्धा चुरगळून गोळा झाला.

दाराशी बाकीच्या शहरांचे पहारेकरी होते. त्यांनी वस्त्राकडं पाहिलं, सूर्याकडं पाहिलं, मग प्रमुखाकडं पाहिलं. एकानं तलवारीची मूठ चाचपली.

तेव्हा कुठं प्रमुखाच्या डोक्यात उजेड पडला. घर पाच दिवसांवर, आणि वाट याच लोकांच्या मुलखातून! एकाला त्यानं भर सभेत हिणवलं होतं, दुसऱ्याचं कुरण दाबलं होतं, तिसऱ्याचं काय केलं होतं ते त्यालाही आठवेना. आजवर या वस्त्रानंच त्यांचे हात धरून ठेवले होते. त्यानं मागं वळून पाहिलं. त्याचे वीस शूर शिपाई वीस पावलं मागं सरकले होते.

"आजी... जोडता येईल?"

"येईल की. साठ धागे, साठ गाठी. पण कापणाऱ्यानंच मारायच्या, तशी रीत आहे."

"अशी रीत आहे?"

"आत्तापासून."

प्रमुख फरशीवर बसला. तुटके धागे आखूड पडू लागले. जोड कुठून आणायचा? म्हातारीनं नुसतं त्याच्या झग्याकडं पाहिलं. त्यानं निमूट काठ उसवला आणि जांभळे धागे ओढून काढले. पण बोटं घामेजलेली. गाठ मारावी तर सुटावी. दहा गाठी होईपर्यंत ऊन खांबावरून पायरीवर उतरलं.

शेवटी ती मेंढपाळांची बाईच त्याच्यासमोर येऊन बसली. "असं नाही हो. मी टोक ताणून धरते, तुम्ही ओढा."

ती धरी, तो ओढी. तिसाव्या गाठीला ऊन पिवळं झालं, पन्नासाव्या गाठीला तांबडं. पहारेकऱ्यांचे हात मुठींवरच होते. साठावी गाठ बसली, गोळे पुन्हा टांगले, सातजणींनी उरलेली वीतभर वीण धावत्या हातांनी पुरी केली. देवीच्या खांद्यावर वस्त्र चढलं, तेव्हा पलीकडच्या डोंगरामागं सूर्याची नखाएवढी कोर उरली होती.

तलवारींच्या मुठींवरचे हात खाली आले. जहाजांना परतीचा निरोप गेला.

जीव वाचल्याबरोबर प्रमुखाला वाचा फुटली. उसवलेल्या झग्यानिशी तो पायरीवर उभा राहिला. "तर मंडळी, तात्पर्य: सोबत्याचा धागा कापला, की आपलीही वीण सुटते!" हे जणू त्याला लहानपणापासूनच ठाऊक होतं.

मग तो म्हातारीकडं वाकून हळूच म्हणाला, "आजी, त्या जांभळ्या गाठी समोरून फार दिसतात. पुढच्या खेपेपर्यंत आतल्या बाजूला वळवून ठेवता येतील का?"

"आत देवीचं अंग आहे," म्हातारी म्हणाली. "तुमच्या गाठी तिला कशाला टोचाव्यात?"