तारा तोडलेला तंबोरा

एकदा एका तंबोरे घडवणाऱ्या वृद्ध कारागिराचा शिष्य सकाळीच धुमसत कामावर आला. चपला दारात भिरकावून तो घोडी घासायला बसला. घोडी म्हणजे तंबोऱ्याच्या तारांखालची हाडाची छोटी पट्टी. तिला नेमका उतार मिळाला तरच तार बोलते. म्हणून कारागीर थोडे घासतात, तार चढवून ऐकतात, पुन्हा थोडे घासतात. शिष्य मात्र नुसता घासतच सुटला होता.

"भांडण घोडीशी आहे की घरी?" वृद्धाने विचारले.

"घरी. दिगूशी. नऊ दिवस झाले." दिगू हा त्याचा धाकटा भाऊ. "नवा गेमिंग कन्सोल हवाय साहेबांना! घरात एक आहे, उत्तम चालतो. गाड्या त्याच, शर्यत तीच. मी साफ सांगितलं, हा नुसता माज आहे. तर म्हणतो, खोली बघून ठेवलीय, रविवारी जातो. जा म्हटलं! आईवडिलांच्या मागे मी वाढवला त्याला, काका, आणि हे ऐकायचं?"

"पण त्याला तो कशाला हवाय?"

"कशाला म्हणजे? जाहिरात बघितली असेल."

खुंटीला एक तयार तंबोरा टांगलेला होता. संध्याकाळी एक गायिका तो न्यायला येणार होती. वृद्धाने तो खाली काढला, कात्री घेतली आणि त्याच्या चारही तारा एकामागून एक कापून टाकल्या.

शिष्य ताडकन उठला. "काका! डोकं फिरलं का तुमचं? पंधरा दिवस खपलोय मी त्याच्यावर!"

"बाई संध्याकाळी येतील. त्यांना सांग, हा घेण्यासारखा आहे की नाही."

"तारा तोडल्यात आणि वर मलाच विचारता? काय सांगू, कपाळ?"

"का? लाकूड दिसतंय, भोपळा दिसतोय, नक्षी दिसतेय. सांग की."

"ऐकल्याशिवाय तंबोऱ्याचं काही सांगू नये, हे तुम्हीच शिकवलंत मला!"

"मग ते फक्त लाकडापुरतंच शिकलास?" आता वृद्धाचाही आवाज चढला. "वस्तू घेण्याजोगी आहे की नाही, हे नुसती वस्तू बघून निम्मंच कळतं. बाकीचं, ती ज्याला हवी आहे त्याच्या तोंडून ऐकावं लागतं. ऐकून मग नाही म्हण, तो तुझा अधिकार आहे. तू मात्र आधी भावाचं तोंड बंद केलंस आणि मग निकाल दिलास. ती हातातली घोडी बघ. सकाळपासून घासतोयस, एकदा तरी तार चढवलीस? गेली ती वाया. दुसरी करता येईल. भाऊ अजून घरात आहे. ऊठ! ह्याला तारा मी चढवतो."

शिष्य घरी पोचला तेव्हाही त्याचा राग उतरला नव्हता; त्यात गुरूवरच्या रागाची भर पडली होती. दिगू पुस्तकांचे खोके दोरीने बांधत होता.

"तुला तो कन्सोल कशाला हवाय?"

"आज विचारतोस? नऊ दिवस मला माजोरडा म्हणून झालं, आता चौकशी?"

"सांग म्हणतो ना!"

दिगूने दोरी टाकली आणि उजवा हात भावाच्या तोंडासमोर धरला. तीन वर्षांपूर्वी तोही तंबोऱ्यांच्या त्याच कारखान्यात होता. करवतीने ह्या हाताची अंगठ्याशेजारची दोन बोटे गेली, तेव्हा त्याने ते काम सोडले.

"शर्यतीत गाडी पळवायचं बटण कंट्रोलरच्या मागच्या बाजूला असतं, अण्णा. ते ह्याच बोटांनी दाबायचं. नव्यात कुठलंही बटण कुठेही ठेवता येतं. दुकानात जाऊन हाताळून बघितलंय मी. तीन वर्षं रोज हरतोय तुझ्याशी, आणि तू रोज हसतोस. 'हरतोस म्हणून यंत्राला नावं ठेवतोस' असं कोण म्हणालं?"

"मग हे आधी का नाही सांगि..."

"बोलू दिलंस?"

शिष्याने जुना कंट्रोलर उचलला, उजव्या हाताची तीच दोन बोटे मुठीत मिटली आणि शर्यत सुरू केली. पहिल्याच वळणावर त्याची गाडी भिंतीवर आदळली. दुसऱ्यांदा सुरुवातीच्या रेषेवरच अडकली. तिसऱ्यांदा तो चिडून पुटपुटला, कंट्रोलर मांडीवर टेकवून पाहिला, तरी गाडी धड पळेना. दिगू मागे उभा राहून बघत होता. त्याला हसता आले असते, पण तो हसला नाही.

शेवटी शिष्याने मिटलेली बोटे सोडली. "महाग आहे रे तो," तो म्हणाला.

"आहेच. मी कुठे नाही म्हणतोय?" दिगू अजून फुरंगटलेलाच होता, पण तो त्या बांधलेल्या खोक्यावर बसला.

आणि मग त्या घरात, नऊ दिवसांत पहिल्यांदाच, तो कन्सोल घ्यावा की घेऊ नये, याची खरी चर्चा सुरू झाली.