मागच्या दिवाळीचं माप

रंगू शिंपिणीच्या हातात अशी कला, की मागच्या दिवाळीत राणीसाहेबांनी तिला राजवाड्यावरच ठेवून घेतली. दोन वर्षांची लेक गावी जावेपाशी राहिली. टाका घालता घालता रंगूला तिचे बोबडे बोल आठवायचे आणि सुई बोटात रुतायची. रजा मागितली की राणीसाहेब म्हणायच्या, "पोर आहे तिथंच आहे. कुठं पळून जातेय?" आता आईला असं बोलावं का? पण बोलायच्या.

पुन्हा दिवाळी आली. रंगूनं बाळराजांना जरीचा अंगरखा शिवला. भर दरबारात घालायला गेले, तर बाह्या आखूड आणि पोट उघडं! राणीसाहेब कडाडल्या, "कुणाचं माप घेतलंस गं?"

"बाळराजांचंच, सरकार. मागच्या दिवाळीचं. म्हटलं, पोर आहे तिथंच आहे."

राणीसाहेब मुलाच्या उघड्या मनगटांकडे बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "हिच्यासाठी गाडी जुंपा."

घरी पोचताच रंगूनं गाठोडं सोडलं. वर्षभर आठवणीतल्या मापानं शिवलेला परकर लेकीच्या गुडघ्यावरच राहिला.

रंगूनं तिला जवळ ओढलं आणि वितीनं डोक्यापासून टाचेपर्यंत माप घेतलं. घेऊन झालं, की पुन्हा पहिल्यापासून.