ढब्बूचं ताट

“...मग मुलं त्याला विसरतात कशी?”

श्रीरंगने टॅबलेट मास्तरांसमोर सरकवला. पडद्यावर अस्वलाचं पिल्लू होतं, ढब्बू. अख्खं पुस्तक त्याच्यावरच होतं.

प्रकाशकांनी एका शाळेत वीस मुलांना ढब्बू दाखवला होता. दुसऱ्या दिवशी विचारलं, तर कुणाला ससा आठवला, कुणाला नुसतं तपकिरी काहीतरी. सोमवारपर्यंत नवा ढब्बू आला नाही, तर चित्रं दुसऱ्याकडे जाणार होती. श्रीरंगचं हे पहिलंच पुस्तक.

म्हणून तो पुण्याहून वाईला आला, काशिनाथमास्तरांकडे. मास्तरांनी जन्मभर मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढली. आता डोळ्यांनी दगा दिला होता, बायको जाऊन सहा वर्षं झाली होती. बोलायला माणूस आला की त्यांना बरं वाटायचं, पण तसं कबूल करायचा त्यांचा स्वभाव नव्हता.

“रंगाचे बत्तीस थर आहेत, मास्तर. केस न् केस वेगळा रंगवलाय.”

“न्हाव्याला दाखव. खूश होईल.”

श्रीरंगला ते झोंबलं.

मास्तर उठले. पिठलं-भात तयार होता. त्यांनी तीन पाट मांडले, तीन ताटं ठेवली.

“अजून कोण येणार आहे?”

“तुझा ढब्बू. एवढ्या लांबून आलाय, उपाशी ठेवू?”

श्रीरंग हसला. मास्तर हसले नाहीत.

“कुठल्या हाताने जेवतो तो?”

“अं...”

श्रीरंगने चित्राकडे पाहिलं. दोन्ही पंजे सारखे, दोन्ही कान सारखे. त्याने अर्धंच अस्वल काढलं होतं; उरलेलं अर्धं टॅबलेटमधल्या आरशाने आपोआप काढून दिलं होतं. वेळ वाचतो. सगळेच तसं करतात.

“माहीत नाही,” तो म्हणाला.

“आणि तू कुणाबरोबर जेवतोस?”

“...एकटाच. ह्याच्यासमोर.” त्याने टॅबलेटकडे बोट केलं. एवढंसं सांगतानाही त्याला लाज वाटली.

भाताची वाफ कमी होत होती.

श्रीरंगने आरसा बंद केला. कोरं पान घेतलं आणि ढब्बूला पाटावर बसवायला लागला. पाठीची रेघ वाकडी गेली. सवयीने त्याने दोन बोटं उचलली. पडद्यावर टेकवली की रेघ पुसली जाते.

मास्तरांनी त्याचं मनगट धरलं.

“राहू दे.”

“वाकडी गेली, मास्तर.”

“बसू दे त्याला, जसा बसतोय तसा.”

रेघ राहिली. ढब्बू पोक काढून बसला. एक कान पडलेला. डाव्या पंजात घास, पण तोंडात घातलेला नाही. पाटाच्या अगदी कडेला सरकलेला, शेजारी कुणीतरी बसेल एवढी जागा सोडून. नजर दाराकडे.

हे श्रीरंगने ठरवून काढलं नव्हतं. फ्लॅटवर जेवताना तोही असाच दाराकडे बघायचा.

मास्तरांनी टॅबलेट डोळ्यांच्या अगदी जवळ नेला. बराच वेळ तसाच धरला...

मग तिसऱ्या पाटावर, भिंतीला टेकवून ठेवला, आणि आपला पाट त्याच्या शेजारी ओढला.

श्रीरंगने स्वतःच्या ताटात भात घेतला.

“थांब,” मास्तर म्हणाले. “आधी त्याला वाढ. मघापासून तो आपल्यासाठी थांबलाय.”